म्हाळूनं ओतलं की पाणी येतं

एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याच गावात एक हुशार ग्रामसेवक होता आणि त्याच्याहून हुशार सरपंच होता. गोष्ट भोळ्याची आहे. पण ते दोघे हुशार नसते, तर ती सांगण्यासारखी झाली नसती.

शिपायाचं नाव म्हाळू. ग्रामपंचायतीत झाडलोट करायची, चहा आणायचा, झेंडावंदनाला दोरी ओढायची, एवढं त्याचं काम. म्हाळू आळशी नव्हता आणि लबाड तर नव्हताच. त्याचं एकच होतं. सांगितलेलं तो ऐके आणि ऐकलेलं तो करी.

ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब एकदा म्हणाले, "म्हाळ्या, दाराकडं बघ जरा, मी जेवून येतो." भाऊसाहेब जेवून आले, तर म्हाळू दाराकडं टक लावून बघत होता आणि एक शेळी टेबलावर उभी राहून जन्माचे दाखले खात होती.

"अरे, शेळी दिसली न्हाई तुला?"

"न्हाई. मी दाराकडं बघत होतो. शेळी खिडकीतनं आली."

"मग खिडकीकडंबी बघायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो," म्हाळू म्हणाला.

आणि तो खरोखर ध्यानात ठेवी. एकदा डोक्यात गेलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून बाहेर पडत नसे. फक्त ती नको तेव्हा वर येई.

तर या गावाला सरकारनं नळयोजना दिली होती. नदीवर मोटार बसली. टेकडीवर टाकी उभी राहिली. घरोघर भिंतीला पितळी तोटी लागली. उद्घाटनाला मांडव पडला, जिलबी झाली, भाषणं झाली. सगळं झालं, पाणी तेवढं राहिलं. नदीवरनं निघालेला पाइप टाकीकडं जाता जाता मधेच वळला होता आणि सरपंच आबांच्या डाळिंबाच्या बागेत शिरला होता. कामाचा ठेकेदार आबांचा मेहुणा होता, त्यामुळे पाइपाला वळायला सांगणं जड गेलं नाही. बाग हिरवीगार झाली. गावातल्या तोट्यांना लोक पिशव्या अडकवू लागले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते हेच.

म्हाळूच्या बायकोचं नाव चांगुणा. ती भोळी नव्हती. एका घरात दोन भोळी माणसं परवडत नाहीत. ती रोज नदीवरनं डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायची. एक दिवस चढावर तिचा पाय घसरला. हंडा सुटला आणि गडगडत पार नदीपर्यंत परत गेला. चांगुणा गुडघा धरून तिथंच बसली. मग उठली, घरी आली, भिंतीवरच्या कोरड्या तोटीकडं बघितलं आणि बोचकं बांधायला घेतलं.

"अहो, मी माहेरी चालले," ती म्हणाली. "ज्या दिवशी या तोटीतनं पाणी येईल, त्या दिवशी मला न्यायला या. त्याच्या आधी येऊ नका."

"आन् भाकरी?"

"त्या तोटीलाच मागा. आन् एक ध्यानात ठेवा. पाणी आलं तर तोटी कधी उघडी टाकायची न्हाई. बंद करायची."

"बरं. ध्यानात ठेवतो."

चांगुणाचं माहेर टेकडी उतरली की पलीकडं होतं. तिथं नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी येई. म्हाळूला मात्र घर खायला उठलं. भाकऱ्या थापायचा, तर त्यांचे नकाशे होत. तो रोज उठून तोटी सोडी, खाली ओंजळ धरून बसे, आणि मग तोटी नीट बंद करून कामावर जाई. त्याला बायकोची फार आठवण येत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते सांगतही असे.

एक दिवस पंचायतीत पत्र आलं. तपासणी येणार.

सरकारी तपासणी ही फार गुणाची गोष्ट आहे. चोरी धरायला तिच्यासारखं औषध नाही. फक्त हे औषध येणार आहे असं रोगाला आधी कळवायची पद्धत आहे. अमुक दिवशी साहेब येतील, असं पत्र येतं. तोवर चोरी झाकून ठेवा, असं त्यात लिहिलेलं नसतं. तेवढं चोराला समजतं.

आबा आणि भाऊसाहेब कामाला लागले. साहेबांनी योजना पास केली की मेहुण्याचं शेवटचं बिल निघणार होतं. 'काम पूर्ण' असा शिक्का पडणार होता. आणि एकदा तो शिक्का पडला, की ब्रह्मदेव आला तरी त्या तोट्यांना पाणी येणार नव्हतं. म्हणजे चांगुणाही येणार नव्हती. पण म्हाळूला हे कुणी सांगितलं नाही, आणि न सांगितलेलं त्याला कळत नसे.

पंचायतीच्या भिंतीला पुढून एक तोटी होती. भाऊसाहेबांनी त्या तोटीचा पाइप भिंतीच्या मागं काढला, त्याला एक नरसाळं बसवलं आणि शेजारी पाण्याची पिंपं भरून ठेवली.

"म्हाळ्या, तू इथं मागं बसायचं. साहेबांनी तोटी सोडली की नरसाळ्यात पाणी ओतायचं. आणि साहेबांपुढं तोंड उघडायचं न्हाई. जे बोलायचं ते मी बोलेन."

"बरं. ध्यानात ठेवतो."

तालुक्याचे साहेब आले. हार झाला, नारळ झाला, शाल झाली. साहेबांनी तोटी सोडली. मागं म्हाळूनं ओतलं. पुढं धो धो पाणी पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आलं बाबा पाणी."

भिंतीमागं म्हाळूनं ते ऐकलं. त्याचा ऊर भरून आला. पाणी आलं होतं. आता चांगुणाला आणायची. त्यानं घागर खाली ठेवली आणि टेकडीच्या वाटेनं धूम ठोकली.

पुढं तोटीनं एक उचकी दिली आणि ती थांबली.

"लाइट गेली साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "आमच्याकडं हा एक त्रास आहे."

साहेबांनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मग साहेबांनी खाली बघितलं. ताटात गावरान कोंबडी होती. साहेबांनी वरचं विसरून खालचं संपवलं आणि सही केली.

तिकडं म्हाळू बायकोच्या माहेरी पोचला होता. चांगुणा वाळवण निवडत होती.

"चांगुणे, चल. पाणी आलं."

चांगुणानं पदर खोचला आणि त्याच्याबरोबर निघाली. घरी येऊन तिनं तोटी सोडली. तोटीतून एक कोळी बाहेर आला.

"कुठं हाये पाणी?"

"आत्ता पंचायतीच्या तोटीला आलं होतं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

"कुणी ओतलं?"

"म्या."

चांगुणानं तोटी बंद केली. "अहो, पुन्हा नुसतं तोंडानं सांगत येऊ नका. आणून दावा, मग मानीन." आणि ती आल्या पावली परत गेली.

इकडं भाऊसाहेबांनी म्हाळूला फैलावर घेतलं. "मूर्खा, तू ओतलं न्हाई आणि लाइट गेली म्हणून सांगावं लागलं. साहेब हाये तोवर जागा सोडायची असती का? काय वाट्टेल ते होऊ दे, साहेब हाये तोवर ओतत राहायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

तालुक्याच्या सहीवर जिल्ह्याची सही लागते. पुन्हा पत्र आलं, पुन्हा हार आले, आणि जिल्ह्याचे साहेब आले. हे साहेब ऐटबाज होते. त्यांची पॅन्ट दुधासारखी पांढरी होती. त्यांनी आल्या आल्या चहा मागितला.

म्हाळू किटली घेऊन पुढं झाला. तो साहेबांच्या जवळ उभा राहिला आणि ओतू लागला. कप भरला. म्हाळू ओतत राहिला. बशी भरली. म्हाळू ओतत राहिला. चहा टेबलावरून निघाला, काठाशी आला आणि पांढऱ्या पॅन्टवर उतरला. साहेबांनी आडवा हात केला, तर हातावरही चहा आला.

भाऊसाहेबांनी किटली हिसकावून घेतली आणि म्हाळूला कोपऱ्यात ओढला.

"हे काय चालवलंय?"

"साहेब हायेत की अजून. तुम्हीच म्हणाला होता, साहेब हाये तोवर ओतत राहायचं."

"ते पाणी, गाढवा. ते नरसाळ्यात. आता नीट ऐक. साहेबांनी हात पुढं केला की आपण थांबायचं. थांबायचं आणि गुमान बाजूला व्हायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

साहेबांची पॅन्ट भिजली होती आणि डोकं तापलं होतं. ते म्हणाले, "तोटी नंतर. आधी मला टाकी बघायची आहे."

टाकी बांधल्यापासून कोरडी होती. आत घुबडानं घर केलं होतं.

"ऊन फार हाये साहेब," आबा म्हणाले.

"मला चालतं."

"वर आग्यामोहोळ हाये साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

"मग तर बघायलाच पाहिजे," साहेब म्हणाले आणि शिडीकडं निघाले. आबांनी म्हाळूला पुढं पाठवलं. वर जाऊन साहेबांना हात दे, असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "वर जा" म्हणाले. म्हाळू वर गेला.

साहेब अगदी वरच्या पायरीपर्यंत आले. आणखी एक पाऊल, की टाकीत डोकावणार. तेवढ्यात चहानं भिजलेला बूट सटकला. साहेब मागं झुकले आणि त्यांनी म्हाळूकडं हात पुढं केला.

म्हाळूनं तो हात बघितला. तो थांबला. आणि गुमान बाजूला झाला.

साहेब खाली आले ते शिडीनं आले नाहीत. टाकीच्या पायथ्याला गावचा उकिरडा होता. साहेब त्यात कमरेपर्यंत गेले. हाड मोडलं नाही, कारण उकिरडा मऊ होता. त्या गावात तेवढं एक काम सगळ्यांनी मिळून मनापासून केलेलं होतं.

आबांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण साहेबांनी टाकी बघितली नव्हती. पण साहेब उकिरड्यातूनच म्हणाले, "सही होणार नाही. आता वरून माणूस येईल." आणि ते पोत्यावर बसून जीपनं निघून गेले.

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हाळ्या, माणूस पडायला लागला तर काय करतात?"

"बाजूला होतात."

"धरतात. पडायला लागला की झडप घालून मनगट धरायचं. घट्ट. आणि कुणी काय बी म्हणू दे, सोडायचं न्हाई."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आता पत्राची वाट बघणं आलं. हार कधी आणायचे, कोंबडी कधी धरायची, पिंपं कधी भरायची, हे सगळं पत्रावर ठरणार होतं. पत्र काही येईना. पत्र नाही म्हणजे तपासणी नाही, असं समजून आबा बागेत बाज टाकून पडले आणि भाऊसाहेब टेबलावर डोकं ठेवून घोरू लागले.

अशात एका दुपारी एसटीतून एक बाई उतरल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. त्या खामकर मॅडम, वरच्या तपासणी अधिकारी. पण तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पंचायतीच्या दारात म्हाळू झाडत होता.

"दादा, पाणी मिळेल का प्यायला?" मॅडमनी विचारलं.

"मिळंल की. माठातलं देऊ का?"

"नळाचं चालेल मला."

"नळाचं व्हय? मग जरा थांबा बाई. मला मागं जावं लागतं."

म्हाळू भिंतीमागं गेला. एका पिंपात मागचं पाणी थोडं शिल्लक होतं. "सोडा आता तोटी," तो आतून म्हणाला. मॅडमनी तोटी सोडली. पाणी आलं. मॅडमनी पाण्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि चार पावलं चालून त्या भिंतीमागं आल्या. म्हाळू मन लावून ओतत होता.

"हे काय आहे?"

"नरसाळं. म्या ओतलं की पाणी येतं."

"आणि तुम्ही ओतलं नाही तर?"

"मग लाइट जाती."

मॅडम पिंपाच्या काठावर टेकल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण नोकरी अशी की हसता येत नव्हतं. "हे तुम्ही आधीच्या साहेबांना का नाही सांगितलं?"

"साहेबांपुढं तोंड उघडायचं न्हाई, असं भाऊसाहेबांनी सांगितलंय. तुम्ही तर बाई हायसा. बायांचं कुणी काय बोललं न्हाई."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "मग मला सांगा, नदीवरून येणारा पाइप कुठं जातो?"

"चला, दावतो."

म्हाळू पुढं, मॅडम छत्री उघडून मागं. म्हाळू पाइपाच्या कडेकडेनं चालत राहिला. पाइप वळला तसा म्हाळू वळला. पाइप बागेच्या कुंपणाखालून गेला, म्हणून म्हाळूही कुंपणाखालून सरपटत गेला. मॅडम फाटकातून आल्या. आत झाडं डाळिंबांनी वाकली होती आणि बाजेवर आबा पडले होते.

"ह्यो इथं राहतो," म्हाळू म्हणाला. तो पाइपाबद्दल बोलत होता.

आबांनी एक डोळा उघडला. बाई कोण, ते त्यांना बघताक्षणी कळलं. चोराला पोलीस ओळखायला शिकवावं लागत नाही. ते धडपडत उठले, पायात चपला उलट्या घातल्या आणि म्हणाले, "मॅडम, उन्हाचं कशाला? पंचायतीत बसू. सगळं रीतसर सांगतो."

पंचायतीत भाऊसाहेबांना हलवून जागं केलं. त्यांच्या गालावर रबरी शिक्का उमटला होता. मॅडम खुर्चीत बसल्या, पिशवी त्यांनी टेबलाखाली पायाशी ठेवली. म्हाळू किटली घेऊन आला आणि आबांच्या मागं उभा राहिला. मॅडमचा कप भरून तो थांबला होता. तेवढं त्याला आता जमत होतं.

"पाइप चुकून वळला मॅडम," आबा म्हणाले.

"पाइप चुकून वळतो?"

"जमीन उताराची हाये."

"बाग तर चढाला आहे," मॅडम म्हणाल्या.

आबांनी घसा खाकरला. मग त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. पडलं म्हणजे त्यांनी पाडलं. ते उचलायला आबा वाकले. वाकता वाकता त्यांनी बंडीतून एक जाडजूड पाकीट काढलं. पिशवी टेबलाच्या पार पलीकडं होती. आबा आणखी वाकले. खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले. आबांचा हात पाकिटासकट पिशवीकडं सरकू लागला.

मागं उभ्या म्हाळूला पाकीट दिसलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की आबा पडायला लागले.

त्यानं किटली टाकली, झडप घातली आणि आबांचं मनगट धरलं. घट्ट. आणि वर ओढलं. आबा वर आले, त्यांचा हात वर आला आणि हातातलं पाकीटही वर आलं. पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्यातून नोटा सगळ्यांकडं बघत होत्या.

"सोड म्हाळ्या," आबा दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाई आबा. पडाल."

"अरे, मी पडत न्हाई."

"आत्ता पडत होता. म्या बघितलं."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काय आहे त्या पाकिटात?"

"लग्नाची पत्रिका असंल," भाऊसाहेब म्हणाले.

"कुणाचं लग्न?"

भाऊसाहेबांना नवरा सुचेना. ते म्हाळूवर खेकसले, "सोड म्हणतो ना आबांना."

"भाऊसाहेब, तुम्हीच म्हणाला होता, कुणी काय बी म्हणू दे, सोडायचं न्हाई. तुम्हीबी त्या कुणीतच आला."

"सोडू नका," मॅडम म्हणाल्या. "हा पुरावा आहे. तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही. पुरावा हातात पाहिजे."

"बरं. ध्यानात ठेवतो."

मॅडमनी पोलिसांना फोन लावला. पोलीस तालुक्याहून यायचे होते, त्यांना वेळ लागला. तोवर म्हाळूनं मनगट सोडलं नाही. आबांनी डाव्या हातानं चहा प्याला. आबांच्या नाकाला खाज आली, ती म्हाळूनं दुसऱ्या हातानं खाजवली. आबा भिंतीआड जाऊन आले, तेही म्हाळूला घेऊनच. सगळा गाव बघायला लोटला. पोलीस आले आणि म्हणाले, "सोड आता, आम्ही धरतो." म्हाळू म्हणाला, "तुम्हीबी त्या कुणीतच आला." शेवटी त्यालाही जीपमध्ये घालावं लागलं. ठाण्यात आबांना जमिनीवर बसवलं, तेव्हा त्यानं हात सोडला. जमिनीवर बसलेला माणूस पडत नाही.

मग तपासणीनं आपलं खरं रूप दाखवलं. आबांचं सरपंचपद गेलं, भाऊसाहेब घरी बसले, मेहुण्याचं बिल अडकलं. पंखा फिरत असताना लाइट कशी गेली, याचा खुलासा तालुक्याच्या साहेबांना मागितला गेला. ते अजून लिहीत आहेत. आणि मॅडमनी पाइपाचं तोंड बागेकडून वळवून टाकीकडं करून घेतलं. घुबडानं दुसरं घर बघितलं.

पाणी सुटायचा दिवस ठरला. मॅडम स्वतः आल्या. घरोघरची तोटी मी माझ्या डोळ्यांनी बघणार, एकही तोटी कोरडी असली तर 'काम पूर्ण' लिहिणार नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. बायका हंडे-कळश्या घासून दारात उभ्या होत्या. मधे एवढी फसवणूक झालेली, त्यामुळे आधीच टाळ्या वाजवायला कुणी तयार नव्हतं.

म्हाळूचं घर टाकीखालचं पहिलंच. सगळ्यात उंचावर. मॅडमनी त्याची तोटी सोडली. आधी नुसती हवा आली. मग तांबडं पाणी आलं. मग कोळ्याची राहिलेली बायकापोरं आली. आणि मग स्वच्छ, गार पाणी आलं. म्हाळूनं पळत जाऊन भिंतीच्या मागं बघितलं. तिथं कुणीच ओतत नव्हतं.

मॅडमनी खूण केली आणि त्या पुढच्या घराकडं गेल्या. म्हाळू तोटीपुढं बसला. पाणी प्याला. रडला. चांगुणा आता येणार होती. पण एकदम तो थबकला. नुसतं तोंडानं सांगत येऊ नका, असं चांगुणानं बजावलं होतं. आणून दावा, म्हणाली होती. आणि मॅडम म्हणाल्या होत्या, तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही. पुरावा हातात पाहिजे.

म्हाळू उठला. शेजाऱ्याकडून पाना मागून आणला. आणि कामाला लागला.

इकडं मॅडम एकेक घर बघत खाली उतरत होत्या. वरच्या आळीत पाणी जोरात आलं. मधल्या आळीत करंगळीएवढं आलं. खालच्या आळीत मॅडमनी तोटी सोडली, तर तिनं नुसती उचकी दिली.

"लाइट गेली," गर्दीतला एकजण सवयीनं म्हणाला.

तेवढ्यात मॅडमच्या चपला भिजल्या. त्यांनी खाली बघितलं. रस्त्यानं पाणी येत होतं.

टेकडीपलीकडं चांगुणा अंगण सारवत होती. म्हाळू धापा टाकत आला आणि त्यानं तिच्यापुढं हात केला.

"चांगुणे, पाणी आलं. ह्यो बघ पुरावा."

हातात तोटी होती. चांगुणानं ती घेतली. उलटी करून बघितली. सोडली. काही आलं नाही. तिची भावजय पदर तोंडाला लावून हसायला लागली. चांगुणाला आधी राग आला, मग लाज वाटली. ती तोटी उकिरड्यावर फेकणार, तोच तिचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. टोपीतून धार लागली होती. तो उभा होता तिथं सारवलेलं अंगण धुऊन निघालं होतं. चांगुणानं पुढं होऊन त्याच्या सदऱ्याचं टोक पिळलं. गार, स्वच्छ पाणी तिच्या हातावर पडलं.

"आज कुणी ओतलं?" तिनं हळूच विचारलं.

"कुणीच न्हाई. म्या मागं जाऊन बघितलं."

चांगुणाचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि बोचकं घेऊन बाहेर आली. तोटी तिनं पदरात बांधली.

टेकडीला वळसा घालून दोघं वेशीत आली, तर पाणी त्यांना सामोरं आलं. घरापाशी पोचली, तर भिंतीतून एक जाड धार निघून समोरच्या घराच्या पत्र्यावर आपटत होती. सगळा गाव तिथं लोटला होता. बायका हंडे भरत होत्या, म्हाताऱ्यांनी उभ्या उभ्या आंघोळ उरकली होती, आणि कुणीतरी संधी साधून म्हैस धूत होतं. ओट्यावर खामकर मॅडम छत्री उघडून, पाय वर घेऊन बसल्या होत्या. वरचा व्हॉल्व्ह बंद करायला पाठवलेला माणूस अजून पोचायचा होता.

"म्हाळू," मॅडम छत्रीखालून म्हणाल्या, "पाणी आहे. भरपूर आहे. पण माझ्या हिशेबात एक तोटी कमी येते."

चांगुणानं पदराची गाठ सोडून तोटी त्यांच्यापुढं ठेवली आणि ती नवऱ्याकडं वळली.

"अहो, घरातनं निघताना तोटी बंद तरी करायची हुती की."

म्हाळूला फार वाईट वाटलं. इतकं ध्यानात ठेवूनही बायकोचा विश्वास नाही म्हणजे काय?

"केली की," तो म्हणाला. "बंद करूनच काढली."